सहावं पाणी

डोंबिवलीत आम्ही राहायचो त्या इमारतीत माझ्या नोकरीबद्दल दोन मतं होती. तळमजल्यावरच्या काकू म्हणायच्या, ही बॉम्ब बनवते. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणायचे, छे हो, ही लघवी तपासते. हेडमास्तरांचं बरोबर होतं. पण ते ऐकायला इतकं बिनदिमाखाचं वाटायचं, की काकूंचा गैरसमज मी शेवटपर्यंत दूर केला नाही.

आधी काम काय ते सांगते. प्लुटोनियमसारखे किरणोत्सर्गी पदार्थ हाताळणारी माणसं जाड रबरी हातमोज्यांतून, काचेच्या बंद पेटीत हात घालून काम करतात. पेटीतलं पेटीतच राहतं, असं गृहीत असतं. गृहीत धरलेल्या गोष्टी कधीतरी दगा देतात, म्हणून आम्ही. हातमोज्याला बारीकसं भोक पडलं आणि डोळ्यांना न दिसणारा कण श्वासाबरोबर आत गेला, तर माणसाला काहीच कळत नाही. खोकला नाही, ताप नाही. तो कण फुप्फुसात बसतो, तिथून हळूहळू हाडांत उतरतो आणि माणूस असेपर्यंत मुक्काम हलवत नाही. त्यातला अगदी थोडा अंश रोज लघवीवाटे बाहेर पडतो. आमच्या हाती तेवढाच धागा.

तो पकडायला पूर्ण एका दिवसाची लघवी लागते, आणि ती घरी धरावी लागते. कामाच्या जागी हाताला, कपड्याला धूळ लागलेली असली तर नमुना बिघडतो. म्हणून शनिवारी माणसाच्या हातात प्लास्टिकचा पांढरा कॅन द्यायचा आणि सोमवारी भरून परत घ्यायचा. रविवारभर माणसाने घराबाहेर पडायचं नाही. सांगायला सोपं. घरी पाहुणे, एकच न्हाणीघर, आणि बापाच्या हातात कॅन बघून पोरं खिदळतायत. एका गृहस्थांनी तर साखरपुड्याला जायचं म्हणून सरळ नळाचं पाणी भरलं आणि रंगासाठी चिमूटभर हळद घातली. आम्ही त्यात अमोनिया घातला मात्र, कॅनभर कुंकू कालवल्यासारखं लाल झालं. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाने हळदीवर भरवसा ठेवावा, याचंच आम्हाला जास्त वाईट वाटलं.

माझं काम घरात सगळ्यांत आधी कळलं ते सासूबाईंना. प्रयोगशाळेत आत जाताना एक बुटकं बाक आडवं असायचं. त्यावर बसून एक पाय उचलायचा, त्यात आतला जोडा घालायचा, मग तो पलीकडे टेकवायचा. बाहेरचा पाय आतल्या जमिनीला लागता कामा नये. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे सोवळंच की गं. फक्त तुमच्या सोवळ्यात देव नाही." देव नव्हता, भीती होती. मी घरी आल्यावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय मुलाला, निनादला, जवळ घ्यायचे नाही. प्रयोगशाळेतून निघताना यंत्राने हात स्वच्छ असल्याचं सांगितलेलं असायचं, तरीही. ही भीती मी कुणाला दाखवली नाही. ती माझ्याबरोबर घोडबंदर रोडच्या या बाराव्या मजल्यापर्यंत आली आहे.

आता दत्ताबद्दल.

दत्ता ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. बाप होडी चालवायचा, हा आयटीआय करून आमच्याकडे लागला. पेटीतलं काम करणाऱ्यांत त्याच्याइतका स्थिर हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. लहानपणापासून जाळी विणल्यामुळे असेल. पहिल्या वेळी दिवस राहून पोर गेलेलं, त्यानंतर चार वर्षांनी बायकोला, भारतीला, पुन्हा दिवस गेले होते आणि नववा लागला होता. तेव्हाच एका सोमवारी त्याच्या पेटीचा हातमोजा फाटला. खोलीत होते त्या सहाही जणांना बाहेर काढलं, धुतलं, तपासलं. त्या सगळ्यांचे कॅन पुढच्या सोमवारी माझ्याकडे आले.

कॅनवर नाव नसतं, फक्त क्रमांक. तपासणाऱ्याला माणूस कळू नये असा नियम आहे आणि तो शहाण्या माणसाने केलेला आहे. पण सहाव्या कॅनचं झाकण निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने आवळून बांधलेलं होतं, आणि ती गाठ शहरातल्या माणसाची नव्हती. हलली नाही, की सुटली नाही. मी कात्रीने कापली तेव्हा मला माहीत होतं की सहावा क्रमांक दत्ता आहे.

आमच्या धंद्यातली खरी गोम अशी, की निसर्गाने काही मूलद्रव्यं एकमेकांसारखी करून ठेवली आहेत. प्लुटोनियमचा एक प्रकार आणि थोरियमचा एक प्रकार जवळजवळ सारख्याच जोराचे किरण सोडतात. यंत्राच्या आलेखावर त्यांची शिखरं इतकी चिकटून उभी राहतात, की कुठलं कुणाचं ते सांगता येत नाही. म्हणून यंत्रात घालण्याआधीच दोघांना रसायनाने वेगळं करायचं. काचेच्या उभ्या नळीत राळेचे बारीक मणी भरायचे आणि त्यावर नमुना ओतायचा. तीव्र नायट्रिक आम्लात हे दोघंही मण्यांना चिकटून बसतात, बाकी सगळं वाहून जातं. मग हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवायचं. थोरियम हात सोडतं आणि खाली जातं. प्लुटोनियम बसून राहतं. तांदूळ धुवावेत तसं हे धुणं सहा वेळा, म्हणून आम्ही त्याला सहा पाणी म्हणायचो. शेवटी प्लुटोनियम उतरवून घ्यायचं, जुन्या रुपयाएवढ्या स्टीलच्या चकतीवर त्याचा थर द्यायचा आणि ती चकती यंत्रात ठेवायची.

थोरियम नमुन्यात येतं कुठून? बरंचसं आम्हीच घालतो. किती प्लुटोनियम वाटेत सांडलं हे कळायला सुरुवातीलाच एक ओळखीचं, मोजलेलं प्लुटोनियम नमुन्यात मिसळतात. त्याची बाटली जुनी झाली की त्यात थोरियम आपोआप तयार होत राहतं. आमची बाटली जुनी होती. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. सहा पाणी दिलं की ते जातं.

नमुने आटवून, जाळून तयार व्हायला आठवडा गेला आणि त्यानंतरच्या सोमवारी सहा नळ्या ओळीने उभ्या होत्या. पाच नीट चालल्या. सहावीतले मणी दाटून बसले होते, थेंब पडायला वेळ लागत होता. पाच वाजता सासूबाईंचा फोन आला, "निनादला ताप चढलाय, डोळे फिरवतोय." ऑफिसची बस पावणेसहाला सुटायची. ती चुकली की डोंबिवलीला पोचायला नऊ. मी सहाव्या नळीला चौथं पाणी दिलं, घड्याळ बघितलं, आणि प्लुटोनियम उतरवून घेतलं.

वहीत मात्र सहा टिकांची ओळ पूर्ण होती. कारण टिका आम्ही सकाळीच मारून ठेवायचो. हात आम्लाने ओले असताना पेन कोण धरणार? सगळेच तसं करायचे. चुकीची नोंद करावी असं कुणाच्या मनात नसायचं. काम होणारच, मग टिक आधी काय नि नंतर काय.

निनादचा ताप मंगळवारी सकाळी उतरला. मी कामावर गेले. दुसऱ्या कुणीतरी रात्री चकत्या तयार करून यंत्रात लावल्या होत्या. पाच आलेख सपाट, फक्त आम्ही घातलेलं ओळखीचं शिखर. सहाव्यात त्याच्या शेजारी दुसरं शिखर उभं होतं. लहान नव्हतं.

मी घाबरले. आधी दत्तासाठी. मग, खोटं कशाला बोलू, स्वतःसाठी.

आमचे साहेब शांत माणूस. त्यांनी आलेख बघितला, वही बघितली. "धुणं पूर्ण झालंय?"

वहीत सहा टिका होत्या. "हो सर," मी म्हणाले.

बाकी सगळं नियमाप्रमाणे झालं. सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवलेल्या अर्ध्या नमुन्याची फेरतपासणी सुरू झाली. तिला नऊ दिवस लागणार होते. दत्ताला त्याच दुपारी पेटीच्या कामावरून काढलं आणि वैद्यकीय विभागात रोज शिरेतून औषध सुरू केलं. शरीरातला जड धातू धरून बाहेर काढणारं ते औषध. ते जितक्या लवकर द्यावं तितकं बरं, म्हणून निकालाची वाट बघत नाहीत.

मी काय केलं? ती चकती पुन्हा यंत्रात ठेवली आणि बघत बसले. थोरियमची एक सवय आहे. त्याला लेकुरवाळेपण फार. चार-पाच दिवसांत त्याच्यातून रेडियम तयार होतं आणि आलेखावर उजवीकडे एक नवं शिखर डोकं वर काढतं. त्या प्लुटोनियमला तसलं काही होत नाही. ते एकटं बसतं. म्हणजे उजवीकडे कुणी उगवलं तर दत्ता वाचला. नाही उगवलं तर ते त्याच्या हाडांत आहे. बुधवारी काही नव्हतं. गुरुवारी एखाददुसरा ठिपका. शुक्रवारी मला वाटलं की आहे, आणि वाटलं की मला वाटतंय. मला झोप लागेना. सासूबाई म्हणाल्या, "काय सांडलं-बिंडलंय का तिकडे?" मी नाही म्हटलं.

शनिवारी सकाळी उजवीकडे शिखर होतं. लहान, पण नीट, नाकासारखं. ते थोरियम होतं. माझ्या दोन न दिलेल्या पाण्यांतलं थोरियम.

मी त्या खोलीत एकटीच होते. रडले. देवाला नमस्कार केला. मग उठले, साहेबांच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. थोरियम आहे म्हटलं की साहेब विचारणार, सहा पाण्यांनंतर ते आलं कसं? माझी वही खोटी ठरली की फक्त तेवढं पान खोटं ठरत नाही. सगळ्या वह्या खोट्या ठरतात, आधीच्या प्रत्येक माणसाचा निकाल खोटा ठरतो. मी स्वतःला समजावलं, गुरुवारी फेरतपासणी येतेच आहे. ती स्वच्छच येणार. तो सुटणारच आहे. पाच दिवसांचा तर प्रश्न आहे.

रविवारी पहाटे खोपटजवळच्या एका प्रसूतिगृहात भारतीला मुलगी झाली.

सोमवारी दुपारी मी वैद्यकीय विभागाच्या जिन्यापाशी होते. दत्ता औषध घेऊन येत होता, दंडाला कापूस दाबलेला. दुसऱ्या हातात पिशवी. त्याने ती कठड्यावर ठेवली आणि कोपराने माझ्याकडे सरकवली.

"मॅडम, पेढे हायेत. तुमीच खोला. मी आतमदी हात नाय लावला. दुकानदारालाच बोललो, टाक पिशवीत."

"अरे दत्ता, पेढ्यांना हात लावायला काय झालंय तुला?"

"नको. आईनं सांगितलं म्हनून नाय, मीच बोलतंय. इथं मना पंधरा वर्सं शिकवलं, इथलं काय घरी न्यायचं नाय. आता मीच घरी जातंय."

"पोरगी कशी आहे?"

तो हसला. इतकं हसला की मला बघवेना. "गोरी हाय. भारतीवर गेलीय. मी दारातून बघितली."

"दारातून? घेतली नाहीस?"

"नाय."

मी त्याला डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं पुन्हा सांगितलं. शरीराच्या आत असलेलं शिवल्याने दुसऱ्याला लागत नाही, ते कातडीतून बाहेर उडी मारत नाही. समजा असलंच, तरी पोरीला घ्यायला काही हरकत नाही. "घे रे तिला. काही होत नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुमी असत्या माझ्या जागी, तर तुमच्या पोराला घेतलं असतं का?"

नळ उघडा ठेवून कोपरापर्यंत साबण लावणारी मी मला दिसले. आणि शनिवारचं ते शिखर दिसलं. मी पेढ्यांची पिशवी उघडली, एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "छान आहेत."

तो जिना उतरून गेला.

गुरुवारी फेरतपासणी आली. नवी बाटली, सहा पाणी आणि माझ्या मनाचं एक सातवं. आलेख सपाट होता. साहेबांनी पहिल्या निकालापुढे लिहिलं, नमुना दूषित, कारण अज्ञात. माझ्याकडे त्यांनी एकदा जरा जास्त वेळ बघितलं, पण काही विचारलं नाही. दत्ताला बोलावून सांगितलं तेव्हा तो खुर्चीत न बसता जमिनीवरच बसला. मग माझ्या पाया पडला. "मॅडमनी परत तपासलं म्हनून," असं सगळ्यांना सांगत सुटला.

त्यानंतर मी कधी टिक आधी मारली नाही. कुणाला मारूही दिली नाही. सातवं पाणी तर कधी चुकवलं नाही. प्रयोगशाळेतली नवी मुलं मला माघारी 'सातपाणी मॅडम' म्हणायची. निवृत्तीच्या समारंभात त्यावर भाषण झालं, टाळ्या झाल्या. माझ्या हाताखालून एक चुकीचा निकाल गेला नाही, असं एकजण म्हणाला. मी हार सांभाळत मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आणि दरवर्षी नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात जाऊन आल्या, की दत्ता पापलेटांची पिशवी घेऊन दारात उभा. आधी डोंबिवलीला, मग इथे. पिशवीचं तोंड निळ्या दोऱ्याने बांधलेलं, तीच गाठ. बावीस वर्षं मी ते मासे खाल्ले आहेत. आमच्याकडे मासे आधी कुणी खात नव्हतं. सासूबाईंनीच सूट दिली, म्हणाल्या, एवढ्या प्रेमाने आणतो, नाही म्हणू नये.

या वर्षी तो मुलीला घेऊन आला. प्राची तिचं नाव. रसायनात एम.एस्सी. झाली आणि आमच्याच प्रयोगशाळेत, आमच्याच विभागात, प्रशिक्षणाला निवडली गेली. माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकले तरी दत्ताचा चेहरा उजळलेला होता.

"सोमवारपास्नं लागतेय. मॅडम, तिला तुमचा आशीर्वाद पायजे. आनि तिला सांगा, भ्यायचं नाय. तिची आई लय भितेय."

प्राची वाकली. मी तिचे खांदे धरले. तिच्या हाताची बोटं तिच्या बापासारखी होती, लांब आणि स्थिर. ती सोमवारी त्या वहीसमोर बसणार होती. मला त्या क्षणी जेवढी भीती वाटली तेवढी त्या मंगळवारीही वाटली नव्हती.

"भ्यायचं," मी म्हणाले. "बस. तुला एक सांगायचंय. दत्ता, तूही बस."

आणि मी सांगितलं. दाटलेली नळी, निनादचा ताप, चौथं पाणी, सकाळीच मारलेल्या टिका. शनिवारचं शिखर. काही गाळलं नाही. निनादच्या तापावर जरा जास्त वेळ घालवला असेन, तेवढं एक.

प्राची हुशार आहे. तिला शिखर, थोरियम, रेडियम काही समजवावं लागलं नाही. ती फक्त म्हणाली, "म्हणजे शनिवारी तुम्हाला कळलं होतं. मी रविवारी झाले."

"हो."

दत्ता टेबलावरच्या पिशवीकडे बघत होता. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पाचवीच्या दिवशी घेतली मी हिला," तो प्राचीला म्हणाला. "तवर चार दिस दारात. तुझी आय रडत व्हती, बोलत व्हती, एकदा तरी जवल ये. मी नाय गेलो." मग माझ्याकडे वळला. "औषधाचं काय नाय मॅडम. सुया टोचल्या, गेल्या. वहीचं मना काय कलत नाय, चूक कोनाची बी व्हते. पन जिन्यावर मी तुमाना इचारलेलं. तुमच्या पोराला घेतलं असतं का, म्हनून. तुमी गप झालात. मी बोललो, मॅडमसारखी बाई गप व्हते म्हंजे हाय काय तरी. तुमी नुसतं हो बोलल्या असत्या ना, मी तसाच खोपटला गेलो असतो. कारन पन नसतं इचारलं."

ती दोघं उठली. प्राचीने दारात चपला घालताना मला वाकून नमस्कार केला, सवयीने असेल. दत्ता लिफ्टपाशी पाठमोरा उभा होता.

मासे टेबलावर राहिले. इतकी वर्षं मी हेच धरून बसले होते, की खरं सांगायचं तर साहेबांसमोर जावं लागलं असतं, वही खोटी आहे म्हणावं लागलं असतं, नोकरी पणाला लावावी लागली असती. जिन्यावर त्यातलं काहीच लागत नव्हतं. एक 'हो' पुरला असता, आणि तो खरा होता.